कैलासवासी, लिंगैक्य, कालकथित

नांदेड-लातूरकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर निधनवार्तांचा रकाना असतो. आमच्या घरी पेपर आला की वडील आधी तो रकाना काढायचे. "कुणाच्या मातीला जायचंय का बघतो," म्हणायचे. आमच्याकडे अंत्ययात्रेला 'माती' म्हणतात. देह जाळायचा असो की पुरायचा असो, शब्द तोच. वडिलांचे मुसलमान मित्र त्यांच्या दख्खनीत 'मिट्टी देने जाना है' म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, दोघं एकाच गावाला निघालेत.

वाचायला शिकले तेव्हा मला या रकान्यातले शब्द मोजायची सवय लागली. कुणी कैलासवासी, कुणी वैकुंठवासी. टाळकरी-विणेकरी असेल तर नावाआधी ह.भ.प. आणि वै. लिंगायत घरातलं माणूस लिंगैक्य. मुसलमान घरातलं पैगंबरवासी. बौद्ध घराच्या निमंत्रणात 'कालकथित', खाली पुण्यानुमोदन आणि जलदानविधीची वेळ. शीख गुरूंविषयी बोलताना नांदेडात लोक 'ज्योतीजोत समावले' म्हणतात. ख्रिस्ती बातमीत माणूस प्रभूत निद्रिस्त झालेला असतो, जैन घरातल्या वडीलधाऱ्याने समाधिमरण स्वीकारलेलं असतं. प्रत्येक शब्द हा एक पत्ता आहे. मेलेलं माणूस कुठं गेलं, ते घरच्यांनी त्यात सांगून टाकलेलं असतं.

इतक्या वर्षांत 'नरकवासी' असा शब्द मी एकदाही छापलेला पाहिला नाही.

पुढची सगळी प्रकरणं या एका निरीक्षणातून निघाली आहेत. प्रत्येक धर्माने नरक सांगितला आहे, बारकाईने सांगितला आहे, कधीकधी स्वर्गापेक्षा जास्त मन लावून सांगितला आहे. तरी आपलं माणूस तिथं गेलं असं कुणीच म्हणत नाही. मग हा नरक कुणासाठी होता? त्याची भीती कुणी बाळगली, त्या भीतीवर कुणाचं काय चाललं, आणि ती भीती झुगारली कुणी? कुठला धर्म खरा हे ठरवायला मी बसलेले नाही, तेवढी माझी योग्यताही नाही. गोदावरी आणि मांजरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माणसं मरणापलीकडचं काय मानत आली, ते मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी जेरुसलेमपर्यंतही जावं लागलं.

सुरुवात मात्र आमच्याच घरातली आहे. माझ्या आईची आई निलंगा तालुक्यातली. तिला तीन मुली, मुलगा नाही. शेवटची दोन वर्षं ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "पोटाला पोरगा न्हाई, मला पाणी कोण पाजंल?" आम्ही समजूत काढायचो. तिला समजूत नको होती, उत्तर हवं होतं. पुढे मी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायापर्यंत पोचले तेव्हा तिच्या भीतीचं मूळ सापडलं. 'पुत्' नावाचा एक नरक आहे, त्यातून बापाला तारतो म्हणून तो 'पुत्र', अशी व्युत्पत्ती तिथं दिली आहे. भाषाशास्त्राला ती मान्य होण्यासारखी नाही. पण एका शब्दाच्या फोडीने किती घरांतल्या बायकांची झोप उडवली असेल, किती दत्तकविधी आणि किती दुसरी लग्नं लावली असतील, याचा हिशेब कुणी केलेला नाही. माझ्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्यापर्यंत तो श्लोक न वाचताच पोचला होता.

ती गेली तेव्हा चुलत पुतण्याने भडाग्नी दिला. आई आणि दोन्ही मावश्या वेशीपासून परत फिरल्या, तशीच रीत होती. त्यानंतर दहा रात्री घरात गरुडपुराण वाचलं गेलं. आम्ही मुलं भिंतीला टेकून ऐकायचो. मेलेला जीव अंगठ्याएवढा होऊन निघतो. यमाचं नगर शहाऐंशी हजार योजनं दूर आहे, वाटेत सोळा पुरं लागतात, रक्तपुवाने भरलेली वैतरणी लागते, आणि ज्याने जन्मी गाय दान केली नाही त्याला ती पार करता येत नाही. पोचायला वर्ष लागतं. त्या रात्रींनंतर कित्येक महिने मी दक्षिणेकडची खिडकी लावून घ्यायचे. धनत्रयोदशीला आई कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची, तेव्हा आजी आता कुठल्या पुरात असेल असा विचार मनात यायचा.

मोठेपणी तेच पुराण पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते ती या ग्रंथातली सगळ्यांत खोल गोष्ट आहे. मेलेल्याच्या प्रवासाचे टप्पे आणि मागे राहिलेल्यांच्या दुःखाचे टप्पे एकच आहेत. पहिले दहा दिवस पिंडांनी त्याला नवा देह मिळतो, त्या दहा दिवसांत घर पार मोडून पडलेलं असतं. मग महिन्या-महिन्याचं श्राद्ध, तेव्हा तिकडे त्याला एकेका पुरात विसावा. वर्षाने तो पोचतो, इकडे वर्षश्राद्ध होतं आणि घरात पुन्हा सणाचं गोडधोड शिजतं. ज्या कुणी हा नकाशा आखला त्याला नरकाचं भूगोलज्ञान होतं की नाही ठाऊक नाही, पण शोकाचं पुरेपूर होतं. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक येतात, मनूने एकवीस सांगितले आहेत. तामिस्र, रौरव, कुंभीपाक, कालसूत्र, असिपत्रवन. ती यादी मी पुढे दिली आहे. वाचकाने ती वगळली तरी चालेल. सोळा पुरांची वाट वगळू नये.

दहाव्या दिवशी मांजरेच्या काठावर कावळा शिवला नाही. दुपार टळली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून आई दर पितृपक्षात गच्चीवर पान मांडते. मुलीने मांडलेलं पान पोचतं का, असं तिला एकदा कुणी विचारलं. "पोचू नाही तर न पोचू, उपाशी कशी ठेवू?" ती म्हणाली.

या मुलखात मरणापलीकडच्या जगाचे सगळ्यांत जुने पुरावे दगडात आहेत. गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या देवळामागे, कधी शेताच्या बांधावर वीरगळ उभा असतो. त्यावर शेंदूर थापलेला असतो, गावकरी त्याला देव म्हणून नारळ फोडतात. त्याच्यावरची चित्रं खालून वर वाचायची असतात. तळाशी लढाई किंवा गुरं सोडवण्याची झटापट आणि पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावासाठी मेलेल्या सामान्य शिपायाला स्वर्ग मिळाला, ही खात्री तीन-चार चौकटींत कोरून ठेवलेली आहे.

दुसरा दगड दानलेखाचा. राष्ट्रकूट आणि चालुक्यांच्या काळात कंधार, होट्टल, देगलूरच्या परिसरात देवळांना जमिनी दिल्या गेल्या. त्या काळच्या दानलेखांचा शेवट ठरलेला असे. जो ही जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन राहील. वाचता न येणाऱ्यासाठी काही ठिकाणी शापाचं चित्रच कोरलं, त्याला गधेगळ म्हणतात. कोर्ट-कचेरी शंभर कोसांवर, राजा उद्या बदलणार, अशा वेळी जमिनीचा कागद टिकवायला नरकाला कामाला लावलेलं होतं. यात मला लबाडी दिसत नाही. ज्याच्या हातात दुसरं काही नाही तो शाप देतो. पण एक खरं, नरक इथे पहिल्यापासून मालमत्तेच्या शेजारी उभा आहे.

नंतर त्याच्या दारावर वसुली सुरू झाली. गोदानाशिवाय वैतरणी नाही, शय्यादानाशिवाय विसावा नाही. तेराव्यासाठी काढलेलं कर्ज फेडताना वावर गेलेली घरं मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत. म्हणून या मातीत जो जो नवा विचार उभा राहिला, त्याला पहिल्यांदा या दाराशी भांडावं लागलं. इथल्या धर्मांचा इतिहास मला याच भांडणातून सलग दिसतो.

बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे उदगीर-निलंग्याच्या शेजारच्या आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांनी स्वर्ग आणि नरक वरून-खालून उचलून माणसाच्या जिभेवर आणि वागण्यावर आणून ठेवले. समोरच्याला आदराने हाक मारणं इथेच स्वर्ग, तुच्छतेने हाक मारणं इथेच नरक, असा त्यांच्या वचनांचा रोख आहे. लिंगायत माणूस इष्टलिंग धारण केल्यापासून शिवाचाच, तेव्हा मेल्यावर तो जाणार कुठे? तो लिंगात एक होतो. म्हणून त्याला आगीत देत नाहीत. विभूती लावून, मांडी घालून बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून खड्ड्यात बसवतात. सुतक नाही, पिंड नाही. लातूरकडे बसवलेल्या माणसाचा तो शांत चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला वैतरणीची गोष्ट सांगून घाबरवता येत नाही. व्यवहारात पुष्कळ लिंगायत घरांत शेजारपाजारच्या रीती शिरल्या आहेत, हेही खरं. शेजार हा कुठल्याही शास्त्रापेक्षा चिवट असतो.

नांदेडात हे भांडण वेगळ्या पायवाटेने आलं. जवळच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे म्हणून ओळखले जाणारे नामदेव उत्तरेत गेले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. आणि तोच ग्रंथ गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये, देह ठेवण्याआधी, गोदावरीकाठी नांदेडात गुरुपदी बसवला. मराठी संताचे शब्द चारशे वर्षांनी गुरु होऊन गोदावरीवर परत आले, हे मला आजही थक्क करतं. गुरु नानकांची एक जन्मसाखी नांदेडातली शीख मुलंही सांगतात. हरिद्वारला लोक पितरांसाठी पूर्वेकडे पाणी सोडत होते, नानकांनी पश्चिमेकडे सोडायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाले, माझ्या पंजाबातल्या शेताला पाणी देतोय. तुमचं पाणी पितरांपर्यंत पोचत असेल तर माझं एवढ्याशा अंतरावर का पोचू नये?

तिथल्या तख्ताचं नाव सचखंड. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेली ती वास्तू साऱ्या देशाला ठाऊक आहे, पण त्या नावाचा अर्थ किती जणांना ठाऊक असेल? जपुजीत पाच खंड सांगितले आहेत. धर्म, ज्ञान, सरम, करम आणि शेवटचा सचखंड, जिथे निराकार वसतो. म्हणजे वैकुंठ-कैलासाच्या जागी असलेला शब्द. पण तिथे सोन्याचे महाल नाहीत, अप्सरा नाहीत, आणि तिथे जायला मरावंही लागत नाही. गुरुबाणीत यम आणि चित्रगुप्त ही नावं येतात, नरकही येतो. खरी शिक्षा मात्र नामापासून दुरावण्याची आणि पुन्हापुन्हा जन्माच्या फेऱ्यात पडण्याची. आमच्या स्टेशनवर अमृतसरची सचखंड एक्सप्रेस सुटताना घोषणा होते, त्या वेळी फलाटावरचे हमाल, विद्यार्थी, यात्रेकरू सगळे त्या परमपदाचं नाव ऐकत असतात. परलोकाचं नाव इतकं रोजच्या वापरातलं झालेलं दुसरं शहर मला माहीत नाही.

आणि १९५६. नागपुरात १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती या यादीत का घेतली असावी, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत बसलं की कळतं. मागच्या जन्मीच्या पापाने तू या जातीत आलास, हे वाक्य ज्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं त्यांच्यासाठी नरक मेल्यानंतर सुरू होत नव्हता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब पुनर्जन्माचा प्रश्न टाळत नाहीत. शरीरातली मूलद्रव्यं निसर्गात मिसळतात आणि पुन्हा रूप घेतात, पण आत्मा नावाचं काही एका देहातून दुसऱ्यात जात नाही, गेल्या जन्मीच्या कर्माचं ओझं घेऊन तर नाहीच, असा त्यांचा निर्वाळा आहे. 'कालकथित' हा शब्द म्हणून मला फार स्वच्छ वाटतो. त्यात कुठल्याही लोकाचा पत्ता नाही. काळ झाला, एवढंच.

पण हे सगळे नरकाच्या दाराशी भांडले तरी मेलेल्याचा हात कुणीच सोडला नाही. लिंगायत माणसाला बसवून फुलं वाहतात. शीख घरात चितेजवळ सोहिल्याचा पाठ होतो, मग अरदास. बौद्ध घरात जलदानविधीला त्रिशरण-पंचशील घेऊन लोक गेलेल्या माणसाविषयी बोलतात, तो काय शिकला, पोरांना कसं शिकवलं. भीती काढून टाकता आली, निरोप काढून टाकता आला नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला मातृतीर्थ आहे. बापाचा देह कावडीत घालून रानोमाळ फिरलेल्या परशुरामाने तिथे आईचे अंत्यसंस्कार केले, अशी श्रद्धा. ज्याच्या हातून आईचा शिरच्छेद झाला त्यालाही तिला नीट निरोप देण्यासाठी जागा शोधत यावं लागलं.

इस्लामचा परलोक सगळ्यांत नेटका आखलेला आहे, आणि हिंदू वाचकाला त्याची ओळख अगदी कमी. कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतात, प्रश्न विचारतात. मग कयामतपर्यंतचा मधला काळ, बरजख. मग हिशेब, सिरातचा पूल, जन्नत किंवा सात दारांची जहन्नम. पारशी परंपरेतही असाच चिन्वत पूल आहे. 'जहन्नम' हा शब्द मुळात जेरुसलेमच्या दक्षिणेकडच्या हिन्नोमच्या दरीचा. ज्यूंच्या गेहिन्नोमपासून तो ख्रिस्ती गेहेन्नात आणि अरबी जहन्नममध्ये आला, आणि आज उदगीरच्या बाजारात भांडताना मराठी माणूसही समोरच्याला तिथेच पाठवतो. एका लहानशा दरीने इतका लांबचा प्रवास केला. पण कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात उरूस भरतो तेव्हा त्याच परंपरेचा दुसरा सूर कानावर येतो. उरूस म्हणजे लग्न. वलीचा मृत्युदिन हा त्याचा परमेश्वराशी मीलनाचा दिवस, म्हणून त्या दिवशी संदल निघतो, कव्वाली होते. शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात दिवे लागतात आणि मुलं वडिलांच्या कबरीपाशी फातिहा म्हणतात. ते दृश्य आणि सर्वपित्री अमावस्या यांत मला जे नातं दिसतं ते दोन्हीकडच्या पंडितांना मान्य होणार नाही. मला मात्र ते नाकारता येत नाही.

वाचता वाचता मला प्रत्येक धर्मात एक विलक्षण माणूस भेटत गेला: नरक रिकामा करू पाहणारा. मार्कंडेय पुराणात विपश्चित राजाला एका लहान दोषासाठी नरक दाखवला जातो, मग दूत म्हणतो चला आता. तोवर त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने तिथल्या जीवांच्या वेदना कमी झालेल्या असतात. राजा निघायला तयार होत नाही. माझ्या असण्याने यांना बरं वाटतं, तर माझा स्वर्ग इथेच. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर हेच करतो, भावांचे आवाज ऐकून दुर्गंधीत थांबतो. महायान बौद्धांचा क्षितिगर्भ म्हणतो, नरक मोकळे झाल्याशिवाय मला बुद्धत्व नको. ख्रिस्त मरणानंतर अधोलोकात उतरून तिथल्यांना सोडवतो. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, ख्रिस्ताची सगळी कथा तेव्हापासून मराठी ओवीत आहे. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणाला, शेवटी सगळेच देवाकडे परततील. चर्चने ते मानलं नाही. चौदाव्या शतकातले इब्न अल् कय्यिम यांनी जहन्नमची आग तरी कायमची असेल का, हा प्रश्न अल्लाहच्या दयेच्या बाजूने मांडला. जैनांकडे यमच नाही, शिक्षा ठरवणारा कुणी नाही, कर्म आपल्याच वजनाने रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंतच्या सात भूमींत खाली ओढतं. तिथल्या पहिल्या भूमीत महावीरांचा भक्त राजा श्रेणिक आहे, आणि पुढच्या कालचक्रात पहिला तीर्थंकर तोच होणार आहे. आज नरकात असलेला उद्याचा तीर्थंकर, इतकी मोठी आशा मी दुसरीकडे वाचलेली नाही. आपल्या वारकऱ्यांनी तर मुक्तीच नाकारली, पुन्हा जन्म मागितला, संतांची संगत मिळावी म्हणून.

आजीने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. तिला कुणी पुत् तेवढा सांगितला, विपश्चित सांगितला नाही. हे पुस्तक मी तिच्यासाठी लिहिलं आहे.

शेवटचं प्रकरण किल्लारीचं आहे. ते लिहायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते, पाठोपाठ पितृपक्ष होता. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पाऊस होता. पुरायचं की जाळायचं, कुणी अग्नी द्यायचा, मुलगा आहे का, हे विचारायला वेळ नव्हता, आणि पुष्कळ घरांत विचारायला कुणी उरलं नव्हतं. पडलेल्या घरांच्या तुळया, दारं, चौकटी काढून सामुदायिक चिता रचल्या गेल्या. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर त्यांतल्या हजारोंना ना दहावा मिळाला ना तेरावा, ना पाठ ना फातिहा. गरुडपुराणाच्या हिशेबाने ते अजून वाटेतच असायला हवेत. असं म्हणणारा एकही माणूस मला त्या बावन्न नव्या वसवलेल्या गावांत भेटला नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीच्या जागी लोक जमतात, स्मृतिस्तंभाला फुलं वाहतात. भूकंपानंतर मदतीसाठी आणि वारसनोंदीसाठी याद्या झाल्या, सातबारे दुरुस्त झाले. कैलासवासी, लिंगैक्य, पैगंबरवासी, कालकथित असे शब्द महसुली कागदावर मावत नाहीत. तलाठी एकच शब्द लिहितो, तो मूळचा अरबी, मिट्टी द्यायला निघालेल्या वडिलांच्या मित्रांच्या तोंडचा. सगळ्यांच्या नावापुढे सारखाच: मयत.